घरचे भेदी आणि पुढचे बुश

सोमवार, ३ नोव्हेंबर. सकाळी १० वाजून ४० मिनिटं.

घटनेची वेळ आधी लिहून ठेवते. एकतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या तक्रार विभागात काढली, त्यातली शेवटची नऊ प्रमुख म्हणून. जिला तारीख आणि वेळ नाही ती तक्रार नव्हे, रडगाणं.

स्थळ: गॅरेज. गाडी रॅम्पवर. ऑइल बदलायला दिली होती, फक्त ऑइल. मिस्त्रीने उगाचच पुढच्या चाकामागे पहार घालून हलवली आणि फाटलेलं रबर दाखवलं. दाखवलं कोणाला, तर ह्यांना. म्हणाला, साहेब, दोन्हीकडचे बुश गेलेत. खड्ड्यात खट् वाजतं ना, ते हेच. असं घेऊन घाटात जाऊ नका.

साहेब. डिझेलचं झाकण कुठल्या बाजूला आहे हे ज्यांना अजून विचारावं लागतं ते साहेब. सतरा वर्षं ही गाडी मी चालवते. मी दोघांच्या मधोमध उभी होते, हातात पर्स घेऊन. माझ्या डोक्यावरून बोलणं चाललं होतं, आणि मिस्त्री ताडमाड असल्यामुळे ते खरोखरच डोक्यावरून गेलं.

ह्यांनी मान डोलावली. बेचाळीस वर्षांचा संसार, आणि मान कोणाकडे डोलते ते बघा.

मी सांगितलं, गाडी असुरक्षित आहे हे लिहून द्या, आणि गाडीच्या मालकिणीशी न बोलल्याबद्दल दिलगिरीही लिहून द्या. मिस्त्री हसला. म्हणाला, बाई, मी लिहून कुठे देतो, मी हाताने करून देतो. चार दिवस गाडी ठेवा.

गाडी खाली उतरवून घेतली आणि निघाले. खट् असा कोणताही आवाज येत नाही. गेटजवळच्या खड्ड्यात आला, पण तो खड्ड्याचा.

संध्याकाळी ६.

रागाच्या भरात मुख्य गोष्ट राहिली. पंचवीस तारखेला ताईला डोंगरावरच्या तिच्या घरून आणायचं आहे. घर विकलं गेलं. चार दिवस आमच्याकडे राहून ती मुलीकडे जाणार, विमानात दोनदा जेवण मिळावं इतक्या लांब. परत यायचं नाही. वय एक्याऐंशी. मी आणणार असा शब्द मी दिलाय. ह्या गाडीतून तिला मी नाही तर कोणी आणायचं? शेजारच्या सीटचा पट्टा तिच्याच मापाला लावलेला आहे, दुसरं कोणी बसलं की मी परत तसा करून ठेवते.

आता प्रश्न: ऑइलसाठी दिलेल्या गाडीची पुढची चाकं बघायला मिस्त्रीला कोणी सांगितलं? आपण होऊन पहार उचलणाऱ्यातला तो नाही. कोणीतरी फितूर आहे.

मंगळवार, ४ नोव्हेंबर.

चिरंजीवांचा फोन. आई, मिस्त्री म्हणतो... मी तिथेच थांबवलं. म्हणजे मिस्त्री थेट माझ्या मुलाला फोन करतो. कारस्थानाला आता दोन टोकं दिसतात. चिरंजीव म्हणाले, मी रजा काढून मावशीला आणतो ना. मी म्हटलं, रजा जपून ठेव, आईच्या आजारपणात उपयोगी पडेल. फोन ठेवला.

निश्चय: बुश मी घरी बदलणार. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये शिवणाच्या सिस्टर म्हणत, माणसाने जोडलेलं माणसाला उसवता येतं. आणि बुश म्हणजे काय, चाक धरणाऱ्या लोखंडी हाताच्या सांध्यातलं रबर. जुनं काढायचं, नवं बसवायचं. उशीचा अभ्रा.

व्हिडिओ पाहिला. अर्धा. सांगणारा मुलगा वाक्य पुरं करत नाही, उरलेलं आपल्यालाच कळलं.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर.

बुश आले. चार. काळे, जड, मुठीएवढे. डब्यात पातळ कागदाचं चिठोरं होतं, मुंगीच्या अक्षरात. ह्या वहीत खूण म्हणून घातलं, अगदी मापाचं आहे.

जॅक आणि दोन लोखंडी स्टँड विकत आणले. हे म्हणाले, आपण दोघं मिळून एकशे त्रेचाळीस वर्षांचे आहोत. मी म्हटलं, म्हणजे अनुभव भरपूर.

रविवार, ९ नोव्हेंबर. सकाळी ८.

गाडी वर घेतली. (जॅक ह्यांनी मारला, मी मोजले.) स्टँडवर ठेवली. दोन्ही पुढची चाकं काढली. एकूण वेळ तीन तास, त्यात नटाला पाना उलट लावण्याची चाळीस मिनिटं. ती चूक ह्यांची, कारण मी आवळा म्हणत असताना त्यांनी आवळलं.

रबर पाहिलं. फाटलंय. पण इतकं काही फाटलेलं नाही. माझ्या चपला याहून वाईट आहेत आणि त्या घालून मी रोज फिरते.

बुधवार, १२ नोव्हेंबर.

एक बोल्ट. तीन दिवस. हलत नाही. गंज सोडवायचा स्प्रे अर्धा डबा संपला, हे पान्याला लोंबकळले, पाना वाकला. हे सरळ आहेत, पाना वाकला, हे लिहिण्यासारखं आहे.

खालच्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर आले. निवृत्त झाल्यापासून सुतारकाम करतात, लोकांना नको असलेली स्टुलं करून देतात. पान्यावर लांब पाइप चढवला आणि खुर्चीला टेकून बसावं तसे शांतपणे दाबत राहिले. कट् झालं. म्हणाले, दाढ असो की बोल्ट, घाई करायची नाही. आणि मग म्हणाले, तुमचा मिस्त्री सांगत होता तसाच गंजलाय.

म्हणजे डॉक्टरही मिस्त्रीशी बोलतात. पहार-प्रकरणात संशयित क्रमांक तीन. पाइप मात्र ठेवून घेतला.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर.

दोन्ही लोखंडी हात खाली उतरले. जुने बुश डॉक्टरांच्या सुतारकामाच्या शिकंज्यात, व्हाइसमध्ये, दाबून काढले. मी देखरेख केली. एक सुटून त्यांच्या स्टूलाला लागला, स्टूलाचा एक पाय गेला. मी म्हटलं, आता तरी त्याची खरी तिपाई झाली. ते हसले नाहीत.

जिन्यात हे आणि डॉक्टर काहीतरी कुजबुजत होते. मला पाहताच दोघांनी हवेचा विषय काढला.

ताईचा फोन. काय करतेस विचारलं. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, अगं, मिस्त्रीला दिली असतीस तर. मी म्हटलं, ताई, तू तरी नको. मग ती म्हणाली बरं बरं, आणि स्वयंपाकघरातलं काय काय बांधलं ते सांगत बसली. कपबशा कोणाला द्यायच्या ह्यावर तिचं मन ठरत नाही. मी म्हटलं सगळं घेऊन येऊ, डिकी मोठी आहे.

ताई एकटीच आपली.

रविवार, १६ नोव्हेंबर.

नवे बुश रात्रभर फ्रीजरमध्ये, मटारांशेजारी. गारठले की आकसतात. साबणाचं पाणी लावून व्हाइसमध्ये दाबले. तीन सरळ गेले. चौथा तिरका गेला, काढून परत घातला. हे म्हणाले, ह्याच्यावर बाण आहे, तो कुठे बघायला हवा? बाण कुठे बघतो ते बाणाने बघावं. मी अंदाजाने लावला.

सोमवार, १७ नोव्हेंबर. सकाळी ११.

आज शेवटची आवळणी, आणि इथे माझं शिक्षण कामाला आलं.

घेराचा स्कर्ट शिवला की सिस्टर कधी लगेच काठ मारू देत नसत. आधी रात्रभर हँगरला लटकवायचा. कापड आपल्या वजनाने पडायला हवं तिथे पडतं, मग काठ. नाहीतर घेर कायम एका बाजूला ओढतो. हेच तत्त्व मी लावलं. लोखंडी हात जागेवर जोडले, बोल्ट नुसते अडकवले, आणि रात्रभर लटकू दिले. सकाळी गाडी स्टँडवरच असताना, लटकलेल्या अवस्थेत, सगळे नट पूर्ण आवळले. डॉक्टरांचा पाइप लावून. जगात कुठल्या गॅरेजमध्ये हा विचार कोणी केला असेल असं वाटत नाही.

आवळताना ह्यांनी खो घातला. अगं, मिस्त्री सांगत होता की हे नट शेवटी, चाकं... मी पाना खाली ठेवला. विचारलं, म्हणजे तुम्ही त्याच्याकडे जाता. तर म्हणे पेपर आणायला जातो तेव्हा तो दारात असतो. पेपर आमच्याकडे घरी येतो. मी सांगितलं, ह्या पार्किंगमध्ये त्या माणसाचं नाव निघणार नाही. ह्यांनी पाइपचं दुसरं टोक धरलं.

कुंपण शेत खात असल्याचा आणखी पुरावा काय हवा.

मंगळवार, १८ नोव्हेंबर. सकाळी ७.

चाचणी. गेटजवळचा खड्डा: आवाज नाही. शाळेसमोरचा उंचवटा: आवाज नाही. मुद्दाम परत गेले. नाही. अकरा वेळा गेले. शाळेचा वॉचमन उभा राहून बघत होता.

गाडी पुढून थोडी उंच दिसते. मान ताठ करून उभी राहावी तशी. मालकिणीवर गेली.

चिरंजीवांना, डॉक्टरांना, ताईला फोन केले. मिस्त्रीच्या गॅरेजसमोरून तीनदा गेले, काच खाली करून. तो कोणाच्या तरी गाडीखाली होता, फक्त पाय दिसत होते. पायांनी पाहिलं असेल.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर.

किंचित कुरकुर. दार उघडल्यासारखी. नवं रबर आहे, बसायला वेळ लागतो. नव्या बुटांसारखं.

रविवार, २३ नोव्हेंबर.

आवाज येतो, पण तो ह्यांच्या थर्मासचा. थर्मास घरी ठेवला. तरी येतो. मग तो डिकीतल्या जॅकचा. जॅक काढला. ह्यांना मागे बसवून कान लावायला सांगितलं. हे म्हणाले, पुढून येतोय, डावीकडून, आणि आधीपेक्षा मोठा. माणसाच्या कानावर सत्तरीनंतर किती भरवसा ठेवावा हे मी त्यांनाच विचारलं.

स्टिअरिंग डावीकडे ओढतं. रस्ते सगळे डावीकडे उतरते आहेत.

रबर कंपनीला पत्र लिहायला घेतलं. निकृष्ट माल. ताईला आणल्यावर पुरं करीन.

मंगळवार, २५ नोव्हेंबर. संध्याकाळी ७.

घडलं तसं लिहिते. क्रमाने.

सकाळी ७.१० ला निघालो, मी आणि हे. पायथ्यापर्यंत ठीक. पहिल्या वळणावर खट्. दुसऱ्यावर खट्, आणि पायाखाली काहीतरी सरकल्यासारखं. तिसऱ्यानंतर मी वेग वीसवर आणला. मागे बारा-तेरा गाड्या लागल्या. घाटात घाई करू नये हे त्यांना कोणीतरी शिकवायलाच हवं होतं. हे पूर्ण वेळ दाराचा दांडा धरून होते. मी विचारलं तर म्हणाले, हात दुखतोय म्हणून वर धरलाय.

दोन तास उशिरा पोचलो. ताईच्या घरासमोर मिस्त्रीची व्हॅन उभी.

ताईच्या बॅगा त्यात चढत होत्या. कपबशांचं खोकं मिस्त्रीच्या मांडीवर होतं, तो दोऱ्या बांधत होता. मला बघून बसल्या जागेवरूनच म्हणाला, या बाई. मी त्याच्या डोक्यावरून ताईकडे पाहिलं. तो पायरीवर बसलेला होता म्हणून जमलं.

ताई म्हणाली, मी ह्याच्या गाडीतून येते. मी विचारलं, का. ती म्हणाली, गेली तीन वर्षं तुझ्या गाडीत मी प्रत्येक वळणाला दांडा धरून बसते. आवाज मला तेव्हापासून येतोय. दोनदा तुला सांगितलं, तू म्हणालीस तुझ्या बांगड्या वाजतात. मी बांगड्या काढून बसले, तर म्हणालीस दात वाजतात. मग मीच ह्याला फोन केला की गाडी आली की पुढची चाकं बघ, आणि माझं नाव घेऊ नको.

म्हणजे पहारीमागे ताई. हे नाहीत, चिरंजीव नाहीत, स्टूलवाले डॉक्टरही नाहीत. माझी सख्खी बहीण. शाळेत मी जिची वेणी घातली. (वेणी ती माझी घालायची. पण रिबन मी धरायची.)

मी म्हटलं, सांगायचं होतंस. ती म्हणाली, तू लेखी मागितलं असतंस.

मी म्हटलं, शेवटचा प्रवास होता, आणि मी तुला शब्द दिला होता. तेव्हा ती माझ्या गालाला हात लावून म्हणाली, म्हणून तर पोचायचंय गं मला. तुलाही पोचवायचंय. तिचा हात थंड होता, तिकडे थंडी फार असते.

मग हे. ह्यांनी माझ्या गाडीचं दार लावलं, दोन पावलं चालले आणि व्हॅनचं मागचं दार उघडून बसले. म्हणाले, ताईंना सोबत.

मी एकटी उतरले. पंधराच्या वेगाने. शेजारची सीट रिकामी, पट्टा ताईच्या मापाचा. मिस्त्रीची व्हॅन पुढे होती, मागचे पिवळे दिवे लुकलुकत. त्या व्हॅनमध्ये काहीतरी मोठा बिघाड असावा, कारण प्रत्येक वळणापलीकडे ती थांबलेली असायची आणि मी दिसले की मगच सुरू व्हायची. स्वतःची गाडी अशी, आणि लोकांच्या गाड्यांना नावं ठेवतो. पायथ्याशी आल्यावर मात्र ती एकदाही थांबली नाही.

घरी चहाला सगळे बसले होते. मी ताईला स्कर्टचं तत्त्व समजावून सांगितलं, लटकवण्याचं. ताई हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. म्हणाली, अगं, तुझ्या स्कर्टाचा काठ मी मारून द्यायचे. तुला सिस्टरने शिवणात शंभरपैकी नऊ दिले होते, आणि त्यातले चार स्वच्छतेचे. वय झालं की माणसं इतिहास बदलतात. मिस्त्रीही होता, कप खाली ठेवून म्हणाला, साहेबांजवळ निरोप दिला होता, नट चाकं टेकल्यावरच आवळा म्हणून. हे कपात बघत राहिले.

निरोप दिला होता म्हणे. निरोप माझ्यापर्यंत पोचू दिला नाही ह्याची जबाबदारी कोणाची, हे निश्चित करावं लागेल.

बुधवार, २६ नोव्हेंबर. दुपारी ३.

काल जिथे लिहिलं ते पान उघडलं तर खूण खाली पडली. उचलताना उन्हात धरली गेली. चष्मा आणि भिंग दोन्ही लावून वाचलं.

"महत्त्वाचे. नट पूर्ण आवळण्यापूर्वी गाडी चाकांवर जमिनीवर उभी करावी. लटकत्या स्थितीत आवळल्यास रबर पिळले जाऊन लवकर फाटते."

एकोणीस दिवस ह्याच वहीत होतं. इतकं महत्त्वाचं असेल तर अक्षर मोठं छापायला काय होतं. रबर कंपनीला पत्रात हा मुद्दा घालायचा. परत एकदा वाचलं. रबर कंपनीला पत्र पाठवायचा बेत रद्द.

ताई शेजारच्या खोलीत कपबशा परत मोजतेय. दोन मला ठेवते म्हणते. शनिवारी सकाळी अकराला तिचं विमान. चिरंजीवांनी टॅक्सी सांगून ठेवली आहे. मी ताईला विचारलं, आणि गाडी दुरुस्त झाली तर? ती म्हणाली, मिस्त्री हो म्हणाला तर बसेन.

म्हणून मिस्त्रीला पत्र. पहिला मसुदा चार पानांचा, घटना क्रमांक एक ते सतरा. दुसरा दोन पानांचा, दिलगिरीची मागणी ठेवून. दिलगिरी आता काढली आहे. तिसरा हा, ह्यांच्या हाती पाठवतेय. पेपर आणायला जातातच.

प्रति, गॅरेजचे मिस्त्री.

विषय: पुढचे चारही बुश.

दिनांक ३ नोव्हेंबर रोजी सकाळी १० वाजून ४० मिनिटांनी आपण जे सांगितलंत ते, झालेल्या तपासणीअंती, बरोबर असल्याचं आढळून आलं आहे. आपण ते चुकीच्या व्यक्तीला सांगितलंत, हा मुद्दा सध्या बाजूला ठेवते.

गाडी पार्किंगमध्ये आहे. पुढून थोडी उंच आहे, त्याचं कारण आपल्याला माहीत असेल. नवे बुश आणावेत. नट चाकं टेकल्यावर आवळावेत, हे मी सांगायला नको. येताना मोठा पाना आणावा, आमचा वाकला आहे. एका बुशावरचा बाण कुठे बघायला हवा हेही पाहावं.

शुक्रवार संध्याकाळपर्यंत काम होतं किंवा नाही, आणि झाल्यास शनिवारी सकाळी नऊ वाजता ह्या गाडीत एक्याऐंशी वर्षांच्या बाईला बसवावं किंवा नाही, ह्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर कृपया लेखी द्यावं. आपण लिहून देत नाही हे मला माहीत आहे. नुसतं हो लिहिलंत तरी चालेल.

उत्तर उद्या, गुरुवार दिनांक २७ नोव्हेंबर, संध्याकाळी पाचच्या आत मिळावं. त्यानंतर टॅक्सी रद्द करता येत नाही.